को-सिम्युलेशनमध्ये उत्तीर्ण झालेली यंत्रणा जागेवरही उत्तीर्ण असते का?

वाहिनी४०० (धागाकर्ता):
को-सिम्युलेशन, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणांची संगणकीय मॉडेल्स जोडून एकत्र चालवणे, याविषयी ‘मायक्रोग्रिड’ यांनी परवा लिहिले, “ग्रिड, इन्व्हर्टर आणि संदेशवहन यांची मॉडेल्स जोडून एकत्र चालवली की जागेवरच्या चाचण्यांची गरज उरत नाही.” या वाक्याला कोणीच हरकत घेतली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया अंधारात गेले. वादळात पारेषण मनोरे कोसळले, दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खचले आणि नऊ पवनऊर्जा प्रकल्पांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट निर्मिती कमी केली. त्या तुटीचा सगळा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या हेवूड या वीजजोडणीवर आला आणि तीही तुटली. व्होल्टेज ठरावीक संख्येपेक्षा अधिक वेळा खचल्यास माघार घ्यावी, अशी सेटिंग त्या प्रकल्पांच्या नियंत्रकांत होती. ग्रिडचालकाकडच्या मॉडेलमध्ये ती नव्हती. जे आडात नाही, ते दहा सिम्युलेटर जोडून पोहऱ्यात कसे येणार?

मायक्रोग्रिड:
माझे पुढचे वाक्य आपण सोयीस्करपणे गाळले आहे, पण असो. ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये वीजपुरवठ्याची वारंवारिता, जी एरवी पन्नास हर्ट्झ असते, ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली. लंडन परिसरातील काही रेल्वेगाड्या ४९ हर्ट्झच्या खाली स्वतःच बंद पडल्या, आणि त्यांतल्या कित्येक तर तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत चालूच होईनात. ग्रिडच्या अभ्यासात रेल्वे म्हणजे केवळ एक भार असतो आणि रेल्वेच्या अभ्यासात ग्रिड म्हणजे पन्नास हर्ट्झचा स्थिर स्रोत असतो. असा दोष दोहोंच्या सांध्यावरच दिसतो, आणि तो सांधा तपासण्याचे साधन म्हणजेच को-सिम्युलेशन. ही चाचणी जागेवर घेण्यासाठी आपण अख्ख्या देशाची वारंवारिता खाली आणणार होता काय?

रिलेकक्ष:
सांध्याचे इतके कौतुक करण्यापूर्वी सांध्यावर काय घडते तेही पाहावे. आमच्या एका अभ्यासात ग्रिड आणि संदेशवहन यांचे सिम्युलेटर दर दहा मिलिसेकंदांनी मूल्यांची देवाणघेवाण करीत होते. रिलेचा, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणाऱ्या संरक्षक उपकरणाचा, निर्णय एका आवर्तनाच्या, म्हणजे वीस मिलिसेकंदांच्या, आसपास अपेक्षित असताना ट्रिप, म्हणजे वीज तुटणे, उशिरा दिसू लागली. सगळे सीटीच्या (प्रवाह मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) सेटिंगवर हुज्जत घालत बसले. प्रत्यक्षात तो उशीर देवाणघेवाणीच्या अंतराचा होता. पायरी मागे घेऊन पुन्हा चालवावी म्हटले, तर मॉडेल्स एकमेकांना जोडण्याच्या एफएमआय २.० या मानकात घटक-मॉडेलची अवस्था साठवून ती परत आणण्याची सोय ऐच्छिक आहे, आणि पुरवठादाराने दिलेल्या मॉडेलच्या फाइलमध्ये ती अर्थातच नव्हती.

कुलूपकिल्ली:
शेवटी मुद्द्याला हात घातलात! खरे दुखणे पुरवठादारांची कुलूपबंद मॉडेल्स हे आहे. मी एका सौर प्रकल्पाच्या कार्यान्वयनाला होतो. आमच्याकडच्या फाइलमधील नियंत्रक एका आवृत्तीचा निघाला आणि इन्व्हर्टरमध्ये भरलेले फर्मवेअर (उपकरणातले सॉफ्टवेअर) दुसऱ्याच आवृत्तीचे. महिनोन्‌महिने चाललेली सारी पडताळणी, जी यंत्रणा जागेवर नव्हतीच, तिची झाली होती.

इन्व्हर्टरवाला:
आम्ही वर्षानुवर्षे घडवलेला नियंत्रक आपल्या अभ्यासाखातर उघड्यावर मांडावा, ही अपेक्षाच उद्धट आहे. आतले न दाखवता वर्तन देता यावे, यासाठीच तर अशा फाइल्स असतात. ग्राहक जागेवर सेटिंग बदलतात, आम्हाला कळवत नाहीत आणि मग बोट आमच्याकडे दाखवतात.

कुलूपकिल्ली:
उद्धटपणा कोणाचा, हे वाचकांनी ठरवावे. आपल्या नियंत्रकाचे गुपित कोणीही मागितलेले नाही. संरक्षणाच्या मर्यादा, फर्मवेअरची आवृत्ती आणि प्रत्यक्ष नोंदींशी केलेली तुलना, एवढेच मागितले आहे. ब्रिटनमधील त्याच घटनेत हॉर्नसी वन या सागरी पवनऊर्जा प्रकल्पाची ७३७ मेगावॅट निर्मिती गेली आणि लगेच त्याच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्यात आला. असा बदल झाल्यानंतर अभ्यासकाकडच्या जुन्या फाइलला काय अर्थ उरतो? की तेही व्यापारी गुपित?

इन्व्हर्टरवाला:
आपला सूर पाहता उत्तर देण्याची इच्छा नव्हती. आवृत्ती कळवण्यास आमची कधीच ना नव्हती. निविदेत तशी अट घालण्याचे कष्ट कोणी घेत नाही, त्याला आम्ही काय करणार?

रिलेकक्ष:
निविदेतील अट हा पहिला कामाचा मुद्दा निघाला, आणि तो नेमका आपल्याकडून यावा, याची गंमत वाटते.

वाहिनी४००:
माझा धागा पुरवठादारांनी पळवला आहे, तरी मूळ प्रश्नाकडे वळतो. रेल्वेचे उदाहरण चपखल आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु गाडी ४९ हर्ट्झला बंद पडते, ही मर्यादा मॉडेलमध्ये कोणी घातली असती, तरच ती तेथे दिसली असती. आणि ती मर्यादा गाडीच्या नियंत्रकाला मिळणारी वारंवारिता प्रयोगशाळेत खरोखर खाली नेऊन पाहिल्याशिवाय खात्रीने कळत नाही. तेव्हा “गरज उरत नाही” हे शब्द मागे घ्यावेत.

मायक्रोग्रिड:
“कोणत्या चाचण्या जागेवर घ्यायच्या, ते आधी कळते” असे वाचावे. प्रयोगशाळेतील चाचणीला आपण जागेवरची चाचणी म्हणू लागला आहात, याचीही नोंद घेतली आहे.

इन्व्हर्टरवाला:
पुढच्या फाइलच्या नावातच फर्मवेअरची आवृत्ती लिहून पाठवू. कोड मात्र मिळणार नाही.