काळी माती नकोच
जळगावच्या ताईंनी विचारलंय, व्हीनस फ्लायट्रॅपला, म्हणजे किडे खाणाऱ्या झाडाला, शेतातली काळी माती आणि थोडं शेणखत चालेल का? ताई, अजिबात नको. निकस, आम्लधर्मी जमिनीत नत्र मिळत नाही म्हणून तर ही झाडं किडे धरतात. खतानं त्यांची मुळं जळतात. आपली काळी माती चुनखडीची, शिवाय ओली झाली की घट्ट बसते. बिनखताचं पीटमॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) दोन भाग, परलाइट (पांढरे हलके खनिज दाणे) एक भाग घ्या. कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरायचं असेल तर आधी भरपूर धुवा, त्यात क्षार असतात. घटपर्णीला, म्हणजे घड्यासारख्या पानांत किडे धरणाऱ्या झाडाला, मात्र याहून मोकळं मिश्रण लागतं, स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइटचं.

खरा घात होतो बोअरच्या पाण्यानं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला, की क्षार साचले समजा. आरओचं शुद्ध पाणी द्या, नाहीतर पावसाळ्यातच पावसाच्या पाण्याचे ड्रम भरून ठेवा.