थँक्सगिव्हिंगचं आमंत्रण: शाकाहारी पाहुणीने काय विचारावं, काय न्यावं?

नमस्कार मंडळी,
यंदाच अमेरिकेत शिकायला आले आहे. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा इथला सण) प्राध्यापकांनी दुपारी तीनला घरी जेवायला बोलावलंय. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. हे आधी सांगितलं तर बरं दिसेल का? आणि सोबत काय नेऊ? वसतिगृहात दोन शेगड्या आहेत, ओव्हन नाही.
– पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

*

अगं, आजच कळव. आयत्या वेळी कळलं तर त्यांची पंचाईत होते. नुसतं 'शाकाहारी' लिहून थांबू नकोस, 'चिकनचा स्टॉकही चालत नाही' असं स्पष्ट लिही; स्टॉक म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी. टर्की, म्हणजे अख्खा भाजलेला पक्षी, समोर दिसते, ती टाळता येते. घात होतो तो बाकीच्या पदार्थांत. स्टफिंग म्हणजे पावाचे तुकडे, कांदा, सेलरी. पण ते बहुधा स्टॉकमध्ये भिजवतात, कधी टर्कीच्या पोटातच भाजतात. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची. रताळ्यांवरच्या मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेलं जिलेटिन असतं. पालेभाजीत बेकन (डुकराचं मांस) असू शकतं. 'पाय' (pie) या सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाचं कवच कधी लोण्याचं, कधी डुकराच्या चरबीचं, आणि ते बघून ओळखता येत नाही. फरसबीचा कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेली भाजी) १९५५ साली कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मला. त्यात मश्रूम सूपचा डबा ओततात, तेव्हा डब्यावरचे घटक विचारून घे. क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा सॉस सहसा निर्धास्त खाता येतो.

नेताना एकच पथ्य पाळ: तिथे ओव्हन लागेल असं काही नको. बारा-चौदा पौंडांची टर्की ३२५ अंश फॅरनहाइटला तीन ते पावणेचार तास ओव्हन अडवून बसते. ती बाहेर आली की बाकीचे पदार्थ गरम करायला रांगेत असतात.
– मंडळातली एक ताई

*

ताईंचं पथ्य पाळणारा पदार्थ म्हणजे क्रॅनबेरीचं लोणचं. शेगडीवर वीस मिनिटांत होतं आणि त्यांच्या जेवणात नीट बसतं.

क्रॅनबेरीची १२ औंसांची (३४० ग्रॅम) पिशवी आण. मऊ पडलेली फळं काढून टाक, बाकीची धुऊन पूर्ण कोरडी कर, नाहीतर तेल अंगावर उडतं. दोन मोठे चमचे तेल तापव, त्यात एक छोटा चमचा मोहरी तडतडू दे. मग पाव चमचा मेथीदाणे. ते तांबूस झाले की लगेच हिंग-हळद. मेथी काळी पडली तर फोडणी टाकून दे आणि नव्याने कर. क्रॅनबेरी मुळातच तुरट, त्यात ते कडूपण गुळानेही जात नाही.

आता मध्यम आचेवर फळं घाल. दोन-तीन मिनिटांत ती फट्फट् फुटायला लागतात, म्हणून झाकण अर्धवट ठेव. पाच-सात मिनिटांत अर्धीअधिक फुटली की दीड छोटा चमचा मीठ, तेवढंच तिखट आणि अर्धी ते पाऊण वाटी चिरलेला गूळ घाल. गूळ विरघळला की गॅस बंद.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. गरम असताना लोणचं पातळ दिसतं म्हणून आटवत बसतात. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर, गार होताना ते आपोआप घट्ट होतं. आटवलंस तर सकाळी बरणीत वडी सापडेल. तसं झालंच तर दोन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर सैल कर.

मंगळवारी केलंस तर गुरुवारपर्यंत छान मुरतं, पण फ्रीजमध्येच ठेव. हे साठवणीचं लोणचं नव्हे. बरणीवर घटकांची चिठ्ठी लाव. त्यात मोहरी हवीच, आणि हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेही लिही. ग्लूटेन न चालणारं कोणी टेबलावर असू शकतं.
– स्वयंपाकातला एक काका

*

ताई, काका, खूप आभार. जेवणाआधी प्रत्येकाला काही बोलावं लागतं का? आणि निघायचं कधी?
– विद्यार्थिनी

*

काही घरांत प्रार्थना होते, काही घरांत प्रत्येक जण कशाबद्दल कृतज्ञ आहे ते सांगतो. तुझी पाळी आली तर एक-दोन वाक्यं पुरेत. तोवर घास घेऊ नकोस. भांडी हातोहात फिरतात आणि चमचे सरमिसळ होतात, म्हणून तुझे पदार्थ पहिल्या फेरीतच वाढून घे. पाय खाऊन झाल्यावर अर्ध्या तासाने निघालीस तरी चालतं. त्या दिवशी बस बहुतेक ठिकाणी सुटीच्या वेळापत्रकाने धावतात, शेवटची गाडी आधीच बघून ठेव.
– ताई