२८ नॅनोमीटरची फॅब: शहाणपण की शिळ्या कढीला ऊत?

पेठकर: गुजरातेत धोलेऱ्यात टाटा आणि तैवानची चिप कंपनी पीएसएमसी मिळून ९१,००० कोटींची चिप फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, उभारताहेत. निम्मा भार केंद्राचा, म्हणजे तुमचा-माझा. बनणार काय, तर २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप्स! (हा आकडा जितका लहान, तितकं तंत्र नवं.) तैवानच्याच टीएसएमसी या चिप कंपनीने २८चं उत्पादन २०११ मध्येच सुरू केलं होतं. फोनमध्ये आता ३ नॅनोमीटर आलंय. एवढ्या पैशांत जुनंच करायचं?

जुना फिटर: अहो, ते ‘३’ नुसतं नावाला. त्या चिपमध्ये दोन गेटमधलं, म्हणजे दोन बारीक स्विचमधलं, अंतर चाळीस नॅनोमीटरच्या वरच असतं. २८ पर्यंत १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात चिपचा एक थर एकाच झटक्यात छापता येतो. त्याखाली उतरलात की तोच थर दोनदा-चारदा छापा, नाहीतर ईयूव्ही (फार कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने छापणारं यंत्र) घ्या. त्यात वितळलेल्या कथिलाचे सेकंदाला ५०,००० थेंब सोडतात, प्रत्येकावर लेझर मारतात, तेव्हा कुठे १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो. हे यंत्र जगात एकटी डच कंपनी एएसएमएल बनवते. पोहायला शिकायला कुणी थेट समुद्रात उडी मारतं का?

चाकणवाली: +१. २०२१ मध्ये मी खरेदी विभागात होते. गाड्या तयार, पण एका कंट्रोलर चिपसाठी अडलेल्या. तो कंट्रोलर असल्याच ‘शिळ्या’ नोडवरचा, म्हणजे जुन्या नॅनोमीटर-पिढीचा. पुरवठादाराला दिवसाला दहा फोन करायचे आणि ‘बघतो मॅडम’ ऐकायचं. ३ नॅनोमीटर कुणी मागितलंच नव्हतं!

पेठकर: ताई, मान्य. पण मोहालीचं काय? तिथली सरकारी फॅब १९८९ मध्ये जळाली आणि आज १८० नॅनोमीटरवर आहे. एकदा मागे पडलं की पडलंच.

जुना फिटर: त्याच १८०वर इस्रोचा ‘विक्रम’ प्रोसेसर बनलाय. रॉकेटला तेवढा पुरतो.

पेठकर: वर्षाला रॉकेटं उडतात किती? तेवढ्यावर फॅब चालते होय? इथे धोलेऱ्यात महिन्याला ५०,००० वेफर (ज्यांवर चिप्स छापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) काढायचे म्हणताहेत. चीनही याच नोडवर धडाधड क्षमता वाढवतोय, भाव पाडतोय. चाकणवाली, खरं सांगा: तिकडची चिप दोन रुपयांनी स्वस्त मिळाली तर तुमचे साहेब धोलेऱ्याची घेतील?

चाकणवाली: साहेब नाही घेणार. निदान पुढचा तुटवडा येईपर्यंत तरी नाही. आणि गाडीत नवी चिप बसवायची तर चाचण्यांतच वर्ष-दोन वर्षं जातात, तेव्हा ऐनवेळी धावून उपयोग नाही. नमुने आत्ताच मागवायला हवेत. पण त्या चाचण्यांचा खर्च कुणी करायचा, यावर आमच्याकडे प्रत्येक मीटिंग अडते.