चित्र दाखवायचं की नाही?

मी बेळगावच्या टिळकवाडीत समुपदेशन आणि कला-उपचार (चित्र, माती यांतून मनातलं बाहेर यायला मदत) करते. माझ्याकडे इंटर्न म्हणून शिकून गेलेल्या सहा जणी आता निपाणी, खानापूर, चिकोडीकडं काम करतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो, अडलेल्या केसेसवर बोलतो. गेल्या वेळी एकीनं तिच्याकडं येणाऱ्या एका मुलीनं काढलेलं चित्र आणलं. विडी वळणारी आई, मांडीवर सूप, मागं कडुनिंब आणि देवळाची पायरी. नाव झाकलेलं होतं, तरी दुसरी पटकन म्हणाली, "ही आमचीच गल्ली!" माझ्या पोटात गोळा आला. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. तुम्ही काय करता?

माजी इंटर्न, निपाणी: मॅडम, चित्र आणणारी मीच. चूक झाली. मुलीला विचारलंच नव्हतं, आईची सही पुरेशी वाटली. पण ही बैठक बंद करू नका. तालुक्यात मी एकटीच, दुसरं कुणाला विचारू?

खानापूर: आम्ही चित्र आणत नाही, ते कसं घडलं तेवढं सांगतो. माझ्याकडचा मुलगा शाळेत कन्नड, घरी मराठी, माझ्यापुढं गप्प. इथल्या कुंभारी मातीचा गोळा दिला. पाऊण तास नुसता अंगठा रुतवत बसला. एवढं सांगितलं तरी चर्चा भरपूर होते, आणि गाव कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: निपाणीकर बाई, बैठक चालूच राहील. आधी मुलीशी बोल, तिचं चित्र तिला परत दे. मी सोबत येते.