हॉरिपिलेशन आणि रोमहर्ष : काही अनवट इंग्रजी शब्दांविषयी

कोशात एक शब्द शोधायला जावे, नजर शेजारच्या शब्दावर पडावी आणि मूळ काम बाजूला ठेवून आपण तिथेच रेंगाळावे, हा अनुभव शब्दांची आवड असलेल्या प्रत्येकाला असतो. मी एकदा इंग्रजी कोशात ‘हॉरिझॉन’ या नेहमीच्या शब्दाची व्युत्पत्ती पाहत होतो आणि पान उलटल्यावर मला ‘हॉरिपिलेशन’ भेटला. थंडीने, भीतीने किंवा भावनेच्या भरात अंगावरचे केस उभे राहणे, असा त्याचा अर्थ दिलेला होता. अर्थ कळला, पण खरा आनंद पुढच्या ओळीत होता. लॅटिनमध्ये ‘होरेरे’ म्हणजे ताठ उभे राहणे, शहारणे, आणि ‘पिलुस’ म्हणजे केस. त्या ओळीवर बोट ठेवून मी क्षणभर थांबलो, कारण हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता. तो ‘रोमहर्ष’ होता.

हे साम्य केवळ अर्थाचे नाही. संस्कृतमधील ‘हृष्’ हा धातू आणि लॅटिनमधील ‘होरेरे’ हे क्रियापद एकाच प्राचीन मुळातून निघाले आहेत, असे तुलनात्मक भाषाशास्त्र मानते, आणि त्या मुळाचा अर्थही ताठ होणे, उभारणे असाच आहे. म्हणजे ‘रोमहर्ष’ या शब्दातला ‘हर्ष’ मुळात आनंद नसून केसांचे ताठ उभे राहणे आहे. आनंदाने अंग शहारते म्हणून पुढे तो आनंदाचाच वाचक झाला. लॅटिनकडच्या शाखेत मात्र हेच शहारणे भीतीकडे वळले आणि त्यातून इंग्रजीला ‘हॉरर’ मिळाला. ‘हर्ष’ आणि ‘हॉरर’ एकाच घरातले आहेत, ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा माझ्याच हातावर काटा उभा राहिला होता. जुना अर्थ आपल्याकडेही पुरता पुसला गेलेला नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ‘वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते’ असे म्हणतो, तेव्हा समोर स्वजन उभे आहेत, शरीर कापते आहे, आणि तिथल्या रोमहर्षात सुखाचा लवलेशही नाही.

वापराच्या दृष्टीने पाहिले तर ‘हॉरिपिलेशन’ हा रोजच्या इंग्रजीतला शब्द नाही. बोलताना इंग्रज माणूस ‘गूजबम्प्स’ म्हणतो, आणि ‘हॉरिपिलेशन’ वैद्यकीय किंवा जाणूनबुजून भारदस्त केलेल्या लेखनात आढळतो. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द देऊन भागणार नाही, असे माझे मत आहे. आपल्याकडे थंडीने ‘शहारे’ येतात, भीषण काही ऐकल्यावर ‘अंगावर काटा’ येतो, आणि आनंदाने किंवा अपूर्व काही पाहून ‘रोमांच’ उभे राहतात. या सीमा काटेकोर नसल्या तरी कानाला त्या जाणवतात. म्हणून हा शब्द मराठीत आणताना केस कशामुळे उभे राहिले, हे आधी पाहावे लागते.

‘पिलुस’ म्हणजेच केस, आणखी एका प्रसिद्ध शब्दात दडलेला आहे. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा एकोणतीस अक्षरांचा शब्द विल्यम शेन्स्टन या कवीच्या 1741 मधील पत्रात आढळतो. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे, असा त्याचा अर्थ आहे. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काहीच नाही आणि केस, अशा अर्थांचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक ठेवून तो रचला आहे. त्याची लांबी सर्वजण मोजतात. मला मात्र त्या चार वस्तूंची निवड अधिक मोलाची वाटते, कारण तुच्छता दाखवायला मराठीनेही हाताशी असलेल्या अशाच हलक्या वस्तू निवडल्या. आपण एखाद्याला कस्पटासमान लेखतो, तृणवत् मानतो, त्याला काडीची किंमत देत नाही. फरक इतकाच की आपले हे शब्दप्रयोग भांडणातही वापरता येतात, आणि तो इंग्रजी शब्द बहुतेक वेळा स्वतःचेच उदाहरण म्हणून सांगितला जातो.

‘सेरेंडिपिटी’ आता अनवट राहिलेला नाही, तरीही त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मराठीत त्याचा अर्थ सर्रास ‘सुखद योगायोग’ असा सांगितला जातो आणि तो अपुरा आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने 28 जानेवारी 1754 रोजी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात हा शब्द घडवला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची कथा त्याच्या मनात होती, आणि सेरेंडिप म्हणजे आजची श्रीलंका. अरबांच्या तोंडी रुळलेल्या ‘सरनदीब’ या नावामागे आपले ‘सिंहलद्वीप’ आहे, असे अभ्यासक सांगतात. ते राजपुत्र जे शोधत नव्हते ते त्यांना सापडत गेले. मात्र त्यात योगायोगाबरोबर त्यांची चाणाक्ष बुद्धीही होती, हे वॉलपोलने त्या पत्रातच स्पष्ट केले आहे. हा दुसरा भाग निसटला की शब्दाचा कणाच निसटतो. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ या म्हणीत योगायोग आहे, पण कावळ्याची हुशारी नाही. ‘घुणाक्षरन्याय’ आणखी जवळ येतो, कारण लाकूड पोखरताना किड्याकडून अक्षर उमटते. परंतु ते अक्षर आहे हे किड्याला कळत नाही. सेरेंडिपिटीत ते अक्षर वाचणारा हवा. प्रतिजैविकांचा इतिहास ज्यापासून सुरू होतो ती अलेक्झांडर फ्लेमिंगची 1928 मधील नोंद अशीच होती : बुरशी बशीत आपोआप आली, पण तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले आहेत, हे पाहणारा डोळा तिथे होता. या पूर्ण अर्थाचा एकच मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ म्हणजे आपल्या समजेपलीकडच्या विषयात मत देणारा. या शब्दामागे एक गोष्ट आहे. अपेलीझ या ग्रीक चित्रकाराच्या चित्रातली चप्पल चुकली आहे, असे एका चांभाराने दाखवले. चित्रकाराने ती सुधारली, तेव्हा चांभार चित्रातल्या पायालाही नावे ठेवू लागला आणि त्याला चपलेच्या वर जाऊ नकोस असे सुनावण्यात आले. याला ‘उंटावरचा शहाणा’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. उंटावरच्या शहाण्याला मुळातच काही कळत नाही; या चांभाराचे चपलेबद्दलचे म्हणणे अगदी बरोबर होते.

काही शब्द इंग्रजीने अडगळीत टाकले आणि त्यांचे मराठी जोडीदार मात्र आपल्या तोंडी आहेत. ‘ओव्हरमॉरो’ म्हणजे परवा. माइल्स कव्हरडेलच्या 1535 मधील बायबलमध्ये तो आहे, आणि आज त्याच्या जागी इंग्रजीला चार शब्द वापरावे लागतात. आपल्या ‘परवा’चे सामर्थ्य तर दुहेरी आहे : ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांत दिशा क्रियापद दाखवते, शब्द तोच राहतो, त्यापुढे ‘तेरवा’ही आहे. तसेच ‘निक्थेमेरॉन’ हा ग्रीक घडणीचा शब्द एक रात्र आणि एक दिवस मिळून होणाऱ्या चोवीस तासांसाठी आहे, आणि तो इंग्रजी जाणणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असतो. ‘अहोरात्र’ मात्र आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळतो. ग्रीकांनी रात्र आधी ठेवली, आपण दिवस.

शेवटी माझ्या सर्वांत आवडीचा शब्द. हेन्री कॉकरम याच्या 1623 मधील इंग्रजी कोशात ‘अ‍ॅप्रिसिटी’ नोंदवलेला आहे, आणि त्याचा अर्थ आहे हिवाळ्यातील उन्हाची ऊब. इंग्रजीत तो फारसा रुजलाच नाही. मराठीत ‘कोवळे ऊन’ आहे, पण ते सकाळचे असते, ऋतू कोणताही असो. थंडीतल्या दुपारच्या उन्हाला ते नाव चालत नाही. नाम नसले तरी आपल्याकडे क्रिया आहे. पाठ उन्हाकडे करून, डोळे अर्धवट मिटून, काहीही न करता बसलेल्या माणसाविषयी आपण म्हणतो, तो ऊन खात बसला आहे.