छर्ऱ्यांच्या डब्यावरचा डाय नंबर पाहायचा की नाही?

मानेवाड्याचा बाप:
काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "छर्ऱ्याची हेड साइज, डाय नंबर ही सारी दुकानदारी. मिळेल तो डबा घ्या, पोरांना सराव करू द्या." वाचून डोकंच फिरलं. हेड साइज म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास, मिमीमध्ये; डाय नंबर म्हणजे तो ज्या साच्यातून निघाला त्या साच्याचा नंबर. माझी मुलगी दोन वर्षांपासून 10 मीटर एअर पिस्तूल मारते. दिवाळीनंतर तिचे शॉट फाटायला लागले. सर म्हणाले, ट्रिगरवर बोट चुकतंय. महिनाभर पोरगी ट्रिगरच घासत बसली, घरी येऊन रडायची. शेवटी एका रविवारी पिस्तूल वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळून मीच दहा-दहा छर्रे मारले. जुन्या डब्याचे दहाही जवळपास एकाच भोकात. नव्या डब्याचं भोक दुप्पट रुंद. कंपनी तीच, हेड साइज तीच 4.50. स्टिकरवरचा डाय नंबर तेवढा वेगळा. छर्रा शिशाच्या तारेतून साच्यात दाबून काढतात, साचा झिजतो. दर डब्याला छर्रा तोच कसा राहील?

इतवारीचा जुना नेमबाज:
काल लिहिणारा मीच. भाऊ, जरा हिशोब करा. पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं. छर्रा 4.5 चा, रेषेला शिवला तरी दहा. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य 8 मिमी सरकला तरी दहाच! आठ पडायला तो 16 मिमीच्या बाहेर जावा लागतो. तेवढा कोणता छर्रा भरकटतो? आठ हातानंच पडतात. रायफलचा दहा अर्ध्या मिमीचा ठिपका, त्यात दशांशाचे गुण. तिथं डाय नंबर पाहा, मी अडवणार नाही.

मानेवाड्याचा बाप:
आठ हाताचे, मान्य. पण आठ पडले असं कुठं म्हणालो मी? नऊ वाढले होते. मुलीचा हात मुळात 7 मिमीवर असेल आणि छर्रा वर 3 मिमी खात असेल, तर गेला की दहा. साठ शॉटमध्ये असे चार गेले तर निवड हुकते. ते चार गुण तुम्ही भरून देणार?

धरमपेठच्या काकू:
भांडा तुम्ही दोघं. माझा प्रश्न वेगळा आहे. शिशाला हात लावलेली ही पोरं हात न धुता सरळ तर्री पोह्याच्या गाडीवर कशी जातात? काल डोळ्यांनी पाहिलं, एकानं तर छर्रे ओठांत धरले होते.

इतवारीचा जुना नेमबाज:
काकू, मी तीस वर्षं ओठांत धरूनच मारले. मले काई झालं का? उगीच पोट्ट्यायले भेववू नका.

धरमपेठच्या काकू:
तपासलं कोणी? रक्त कधी दिलंय तुम्ही? माझ्या वडिलांचं बॅटरीच्या प्लेटा ओतायचं दुकान होतं. तेही हेच म्हणायचे, मले काई झालं नाही. आधी पोटात कळा, मग रक्त कमी, शेवटी उजवं मनगट उचलेना. भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता त्यांना. बारा वर्षांच्या पोराच्या अंगात शिसं मोठ्या माणसापेक्षा जास्त मुरतं. आणि खिशातल्या सॅनिटायझरनं ते जात नाही, साबण आणि पाणीच लागतं. तुमच्या रेंजच्या नळाजवळ साबणाची वडी तरी आहे का?

मानेवाड्याचा बाप:
नाही. चार वेळा तोंडी सांगितलं, एकदा लिहून दिलं. उन्हाळ्यात तर नळाला पाणीही नसतं.

इतवारीचा जुना नेमबाज:
प्रत्येक गोष्टीत रेंजच्या नावानं बोटं मोडायची सवयच लागली आहे लोकांना. आमच्या वेळी छत नव्हतं, मे महिन्यात पत्र्याखाली मारायचो.

धरमपेठच्या काकू:
तुमच्या वेळी नव्हतं म्हणून आत्ताच्या पोरांनी शिसं खायचं? मोठे आहात म्हणून ऐकून घेते आहे.

इतवारीचा जुना नेमबाज:
(दोन तासांनी) वडिलांचं वाचलं, काकू. जास्त बोललो मी. उद्या साबण आणि पाण्याची कॅन मी ठेवतो. ओठांत छर्रा धरलेला पोरगा दिसला तर लाइनवरून उठवीन.

डाय नंबरचं मात्र पटलेलं नाही. दहा-दहा शॉटच्या एका ग्रुपवर, म्हणजे भोकांच्या एका झुबक्यावरून, मी डबा फेकत नाही. दोन्ही डब्यांतून पन्नास-पन्नास मारा, माझ्यासमोर.

मानेवाड्याचा बाप:
रविवारी सकाळी सातला वाइस घेऊन येतो. डबे तुम्ही झाका, कोणता कुठला ते मला सांगू नका.