मुळावरच्या वनस्पतीला ‘बांडगूळ’ म्हणावे का?

प्रश्न (खानापूर) : जांबोटीकडच्या रानात मुलांना नेण्यापूर्वी त्यांच्या हाती देण्यासाठी मी एक माहितीपत्रक लिहीत आहे. त्यात ‘बॅलेनोफोरा’ या वनस्पतीवर एक परिच्छेद आहे. ती सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात झाडांच्या मुळांवर जगते, तिच्यात हिरवेपणा नावालाही नसतो आणि पाचोळ्यातून ती वर येते तेव्हा पाहणाऱ्याला अळंबीच वाटते. ‘दुर्मीळ बांडगुळाचे संवर्धन’ असे शीर्षक मी दिले, तर कच्चा मजकूर वाचणारे सहकारी म्हणाले, “बांडगूळ काढून टाकायचे असते, ते जपतात होय?” शब्द बदलावा काय?

उत्तर (निपाणी) : अवश्य बदलावा, मात्र शिवीसारखा वापरला जातो म्हणून नव्हे, तर तो येथे चुकीचा आहे म्हणून. बांडगूळ फांदीवर वाढते. पक्ष्याने फांदीला पुसलेल्या चिकट बीतून ते रुजते, आंब्याच्या सालीत शोषक मुळे घालून पाणी व क्षार ओढते, पण पाने हिरवी असल्यामुळे अन्न बरेचसे स्वतः तयार करते. अमरकोशात त्याला ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ अशी दोन्ही नावे आहेत, म्हणजे झाडाला खाणारी आणि झाडावर उगवणारी. हा भेद बोलण्यात पुसला गेला, आणि झाडाचा फक्त आधार घेणाऱ्या, त्याचे काहीही न खाणाऱ्या आमरीलाही (ऑर्किडलाही) लोक सर्रास बांडगूळ म्हणून ओरबाडून टाकतात. शब्दाच्या ढिलाईची किंमत ती बिचारी आमरी मोजते.

आपली वनस्पती झाडाला खाते खरी, पण ‘वृक्षरुहा’ या नावात बसत नाही, कारण ती फांदीवर नव्हे, मुळावर असते. तिच्या जातकुळीचा शब्द आमच्या निपाणी भागात आहे, तो म्हणजे ‘बंबाखू’. तंबाखूच्या ओळीत बुंध्याशी फिकट, बिनपानी दांडा वर येतो, त्याला निळसर फुले लागतात, आणि माती उकरली की तो तंबाखूच्या मुळाला चिकटलेला दिसतो. धुळीसारखे बी सांडले की ते वर्षानुवर्षे जमिनीत जिवंत राहते, म्हणून फूल गळण्याआधीच तो उपटावा लागतो. शेतातल्या या शत्रूचे नाव रानातल्या दुर्मीळ वनस्पतीला द्यावे असे मी सुचवत नाही. पण ‘मुळाला चिकटून जगणारी’ म्हणजे काय, हे आमच्याकडच्या मुलाला बंबाखूवरून एका वाक्यात कळेल.

शीर्षकात ‘मूळपरजीवी’ लिहावे. ‘परोपजीवी’ही चूक नाही, परंतु त्यात ऐतखाऊपणाचा वास अधिक येतो. कोणी नाक मुरडलेच, तर चंदनाचे उदाहरण द्यावे : चंदनही शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी व क्षार घेते, म्हणूनच रोपाशेजारी तूर लावतात, आणि तरीही त्याला बांडगूळ म्हणण्याची कोणाची छाती होत नाही.

‘संवर्धन’ या शब्दाबद्दलही माझी हरकत आहे. त्यातला ‘वर्धन’ वाचून मुलांना वाटेल की रोपवाटिकेत रोपे वाढवून रानात लावायची. ही वनस्पती मुळासकट उपटून दुसरीकडे लावता येत नाही. ज्या मुळावर ती आहे ते झाड, त्याची सावली आणि खालची ओली माती राहिली, तरच ती राहते. म्हणून ‘अधिवासासह रक्षण’ म्हणणे अधिक नेमके होईल.

प्रश्नकर्त्याकडून : आभारी आहे. शीर्षक आता ‘एक दुर्मीळ मूळपरजीवी आणि तिचे रान’ असे केले आहे. ज्या झाडावर ती जगते त्यासाठी पुस्तकी ‘यजमान’ लिहिला होता, तोही काढला. आमच्याकडे मराठीत काय नि कानडीत काय, यजमान म्हटले की घरधनीच डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या जागी ‘आश्रयवृक्ष’ घातला असून, पाचोळा पायाने उसकू नये, ही सूचना त्याच ओळीला जोडली आहे.